खाऱ्या हवेतले पितळ: स्टीमपंक दागिने आणि मिश्र माध्यमाच्या साहित्याचा वापरानंतरचा अनुभव

स्टीमपंक धाटणीचे दागिने आणि भिंतीवर लावायच्या मिश्र माध्यमातील, म्हणजे वेगवेगळे पदार्थ एकत्र बसवलेल्या, चौकटी करण्यासाठी लागणारे साहित्य मी गेल्या दिवाळीनंतर जमवले आणि रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात ते उन्हाळा, सबंध पावसाळा आणि गणपतीनंतरचा उकाडा या सगळ्या दिवसांत वापरले. पाकिटांवर छापलेल्या सूचना आणि शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या, थंड हवेला धरून तयार केलेले असतात. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांत वाऱ्यातून मीठ येते, तिथे त्यांतले काय उपयोगी पडते हे वापरूनच ठरवावे लागते. म्हणून पुढील मजकूर वस्तू दिसते कशी यापेक्षा टिकते कशी याविषयी अधिक आहे.

या शैलीशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘स्टीमपंक’ हे नाव १९८७ साली एका अमेरिकन लेखकाने मासिकाला लिहिलेल्या पत्रातून रूढ झाले. एकोणिसाव्या शतकातील वाफेची यंत्रे, पितळी नळ्या, दातेरी चाके, रिवेट आणि तबकड्या यांच्या रूपात कल्पनेतली यंत्रे घडवणे हा तिचा गाभा आहे. २००९ साली ऑक्सफर्डच्या विज्ञान इतिहास संग्रहालयात या कलेचे स्वतंत्र प्रदर्शनही भरले होते. परदेशी नमुन्यांत रेल्वेचे इंजिन वारंवार दिसते, परंतु कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा वाफेचा जमाना सरलेला होता. या किनाऱ्याने वाफ पाहिली ती आगबोटीवर, मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे येणाऱ्या बोटींवर. माझ्या कामात त्यामुळे गोल खिडक्या, दाबमापकाच्या तबकड्या, भोंगे आणि नांगराच्या साखळ्या अधिक आहेत.

सर्वांत जास्त अपेक्षा घड्याळाच्या सुट्या भागांकडून होती. चावीच्या जुन्या मनगटी घड्याळांचे निकामी झालेले संच वजनावर मिळतात. १९६१ साली बंगळुरूला एचएमटीने घड्याळे बनवण्यास सुरुवात केल्यानंतर घरोघरी पोहोचलेल्या घड्याळांमुळे आपल्याकडे अशा भागांना तोटा नाही. चाके आणि मुख्य पट्ट्या पितळेच्या असतात आणि पट्ट्यांवर बहुधा निकेलचा मुलामा असतो. चाकांचे आस, स्क्रू, मुख्य स्प्रिंग आणि चावीचा दांडा मात्र पोलादी असतात, आणि इथे खरी अडचण सुरू होते. पितळ आणि पोलाद एकमेकांना चिकटून असताना त्यांवर खारट ओलावा बसला, तर दोघांत सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि पोलाद आधी झिजते. आषाढात उघड्या ठेवलेल्या चाकांच्या मध्यभागी तांबूस ठिपका उमटायला आठवडाही पुरला नाही, आणि तोच गंज नंतर शेजारच्या पितळावर ओघळून डाग पाडतो. यावर उपाय सोपा पण वेळखाऊ आहे: बारीक ठोकणीने आस बाहेर काढून फक्त पितळी चाक वापरणे. ज्या रचनेत आस हवाच, तिथे तो भाग पूर्णपणे रेझिनच्या (ओतल्यावर काचेसारखा घट्ट होणाऱ्या द्रवाच्या) आत बुडलेला असावा. मुलाम्याच्या पट्ट्या आणि त्यांत बसवलेले कृत्रिम माणिक उत्तम राहिले. त्या लालसर ठिपक्यांना प्रकाशात जी चमक येते ती दुसऱ्या कोणत्याही खड्याला येणार नाही. हे भाग वापरण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुने तेल काढणे आवश्यक आहे, कारण तेलाच्या थरावर रेझिन धरत नाही.

एक सूचना इथेच देतो. साधारण १९६०च्या दशकापर्यंतच्या अंधारात चमकणाऱ्या काही तबकड्यांच्या रंगात रेडियम असते. चमक विझलेली असली तरी किरणोत्सर्ग कायम असतो, कारण रेडियमचे अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. अशा तबकड्या खरवडू नयेत, कापू नयेत आणि दागिन्यात तर घालूच नयेत.

पितळेचा आणि तांब्याचा पत्रा हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत समाधानकारक भाग ठरला. तो शहरातील भांड्यांच्या आणि धातूच्या दुकानांत मिळतो, कानशीला व करवतीला सहज दाद देतो आणि आमसुलाच्या पाण्याने किंवा चिंचेने पुन्हा लख्ख होतो, जे आपल्या घरांतून देवाच्या भांड्यांसाठी चालत आलेच आहे. जुनेपणाचा रंग आणण्यासाठी लिव्हर ऑफ सल्फर नावाचे गंधकयुक्त रसायन सर्वत्र सुचवले जाते. तांब्यावर ते तपकिरीपासून काळ्यापर्यंत सुंदर छटा देते, पण पितळावर त्याचा परिणाम फिका आणि बेभरवशाचा आहे. पितळासाठी ते विकत घेऊ नये. हिरव्या छटेसाठी कल्हईवाल्याकडे असतो तो नवसागर, मीठ आणि व्हिनेगर यांचे मिश्रण अधिक चांगले ठरले. इथल्या दमट हवेत ते मिश्रण वाळत नाही आणि रंग चढण्याचे काम आपोआप लांबते. किंबहुना पावसाळ्यात रंग आणणे हा प्रश्नच नसतो, तो कुठे थांबवायचा हा असतो.

निळ्या छटेसाठी डब्यात अमोनियाची वाफ देण्याची जी पद्धत आहे, तिच्याबाबत मात्र सावध राहावे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील सैन्याची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवली जात आणि पाऊस सरल्यावर त्यांच्या पितळी नळकांड्यांना तडे गेलेले आढळत. घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया आणि धातू ओढताना त्यात साठून राहिलेला ताण यांच्या संयोगाने हे घडते, हे १९२१ साली स्पष्ट झाले. ठोकून वाकवलेल्या, घुमटाकार केलेल्या पितळी पत्र्यात हाच ताण असतो. असा पत्रा आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करावा आणि मगच अमोनियाकडे वळावे. नपेक्षा ही वाफ तांब्यालाच द्यावी. हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करायचे असते हे सांगायला नको.

रंग थांबवण्यासाठी मी पारदर्शक लाखेचा फवारा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेण असे दोन्ही वापरले. फवारा उन्हाळ्यात निर्दोष बसतो. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि थर दुधासारखा धूसर होतो. शिवाय कुठे एक ओरखडा पडला की त्याखालून काळपटपणा पसरतो आणि सगळा थर उतरवल्यावाचून दुरुस्ती होत नाही. मेणाचा थर तितका टणक नसतो, परंतु दोन-तीन महिन्यांनी मऊ फडक्याने पुन्हा लावला की काम भागते, आणि धूसरपणाची तक्रार अजिबात येत नाही. संग्रहालयांत वापरले जाणारे रेनेसाँ वॅक्स हे याच जातीचे मेण ब्रिटिश म्युझियममध्येच विकसित झाले होते. ते महाग वाटते खरे, पण नखावर मावेल एवढ्या मेणात एक पदक झाकले जाते. भिंतीवरच्या चौकटींना फवारा आणि अंगावरच्या दागिन्यांना मेण, अशी वाटणी मी आता कायम केली आहे.

रेझिनविषयी मत देताना ऋतू सांगणे अपरिहार्य आहे. दोन भाग मिसळायचे इपॉक्सी रेझिन फेब्रुवारी ते मे या काळात काचेसारखे स्वच्छ निघाले. जूननंतर त्याच बाटलीतून ओतलेल्या तुकड्यांवर चिकट, मेणचट साय येऊ लागली, कारण त्यातील हार्डनरमधील (घट्ट करणाऱ्या भागातील) अमाइन हे रसायन हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते. ही साय कोमट पाण्याने धुऊन, घासकागद फिरवून काढता येते, पण बारीक यंत्ररचनेच्या खाचांत तसे करणे जवळजवळ अशक्य असते. झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यात साचा सुकवला तर फरक पडतो, मात्र तो डबा मोठ्या चौकटीला पुरत नाही. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या, रेझिनला या दमटपणाचे फारसे वावडे नाही. ते ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात काही मिनिटांत घट्ट होते. त्याची मर्यादा वेगळी: चाकाच्या सावलीत प्रकाश पोचत नाही आणि तिथे ते ओलेच राहते. एक-दोन मिलिमीटरचे थर देत, प्रत्येक थरानंतर उलटसुलट करून प्रकाश दाखवणे हाच मार्ग आहे. दोन्ही प्रकारांत कच्चे रेझिन त्वचेला लागत राहिले तर कायमची ॲलर्जी जडू शकते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे ही खर्चातली पहिली बाब समजावी.

‘अँटिक ब्राँझ’ या नावाने पाकिटातून मिळणारी तयार दातेरी चाके घेऊ नयेत. ती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यांवरचा मुलामा घाम लागतो तिथे प्रथम उडतो, आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना त्यांचा त्रास होण्याची शक्यता असते. पाच अशा चाकांच्या पैशांत पितळी पत्र्याचा बऱ्यापैकी तुकडा येतो.

चौकटींच्या पाट्यांबाबत लांबण लावण्यासारखे काही नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा) पावसाळ्यात कडेने फुगते आणि त्यावरचा टेक्स्चर पेस्टचा, म्हणजे खडबडीत पोत देणाऱ्या लेपाचा, थर सोलून निघतो. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लायवूड घ्यावे, चारही कडांना प्रायमर द्यावा आणि विषय संपवावा. दागिन्यांच्या तळासाठी घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी मला लाकडापेक्षा सरस वाटली. ती वाकत नाही, वजनाला हलकी असते आणि गडद तपकिरी पार्श्वभूमीवर पितळ उठून दिसते. चामड्याच्या पट्ट्यांवर मात्र श्रावणात बुरशी आलीच.

जोडणीसाठी झटपट चिकटणारा गोंद सर्वांत सोयीचा, पण त्याच्या वाफेने आजूबाजूच्या चकाकत्या भागांवर पांढरी झाक बसते आणि धक्का लागला की जोड तडकतो. तांब्याच्या तारेचे छोटे रिवेट मी स्वतः करतो: छिद्रातून तार घालायची, दोन्ही बाजूंना तारेच्या जाडीच्या निम्मी ठेवून कापायची आणि ऐरणीवर हलक्या हाताने तिची टोके पसरवायची. वेळ दुप्पट लागतो, पण पावसाळ्यातून एकही रिवेट सुटला नाही आणि या शैलीत रिवेट दिसणे हे वैगुण्य नसून शोभाच आहे. कानातल्यांचे आकडे पितळी न ठेवता चांदीचे किंवा ३१६ एल स्टेनलेस स्टीलचे लावतो. गिऱ्हाइकांच्या कानाला काळे-हिरवे डाग पडल्याची तक्रार त्यामुळे राहिली नाही.

यूव्ही दिवा घेताना जास्त वॅटपेक्षा यूएसबीवर चालणारा आहे का, हे आधी पाहावे. जून-जुलैत इथली वीज दिवसातून कितीदा जाते याचा नेम नसतो, आणि अर्धवट घट्ट झालेला थर तासभर उघडा राहिला तर त्यावर धूळ आणि चिलटे बसतात. पॉवर बँकेवर चालणारा छोटा दिवा अशा वेळी पुरेसा ठरतो. ऑक्टोबरमध्ये मात्र तोही बंद ठेवतो, कारण अंगणातले ऊन फुकट आहे आणि पातळ थर त्यात झपाट्याने घट्ट होतो.