मराठी विश्वकोश मोबाईलवर: फुकट हाय, पाहून घ्या

पाऊस लागला की वावरात काम नसते, मंग बसल्याबसल्या विश्वकोशाची साईट उघडली अन् सर्चमध्ये कापूस टाकला, म्हटलं पाहू तरी आपल्या पऱ्हाटीबद्दल काय लिवलं हाय. भाऊ, नोंद संपता संपेना! लागवडीत कापसाच्या मुख्य जाती चार, दोन जुन्या जगातल्या म्हणजे आपला देशी कापूस त्यातलाच, अन् दोन अमेरिकेकडच्या, हे आपल्याले जन्मभर पऱ्हाटी लावून बी माहीत नव्हतं. मंग सरकीची नोंद, मंग मोहाच्या झाडाची, मंग कुठच्या कुठं.

वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हे काम उभं केलं, पहिला खंड १९७६ चा, एकूण वीस खंड. घरात ठेवाले कपाट लागलं असतं, इथं मोबाईलमध्ये मावते. पैसे नाही.

आता भाषा जराशी जड हाय, पुस्तकी, पोट्ट्यांले वाचून सांगा लागते. अन् जुन्या खंडातले आकडे जुनेच, बीटी कापूस (बोंडअळीले तोंड देणारं बियाणं) आला त्याच्या बी नंतर, २००२ मध्ये, त्यामुळे फवारणीचा सल्ला इथं शोधू नका, त्यासाठी कृषी सहायकालेच विचारा. पण खरी माहिती पाह्यजे असंल तर व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डपेक्षा हे शंभरपट बरं. माह्याकडून पाचपैकी साडेचार.