इन-स्टेट फी, 'झिरो बॅलन्स' आणि आमचे पावणेसात लाख

लेकीला टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळाला. आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं पत्र) हातात आल्यापासून घरात एकच विषय, फी. तिथल्या सरकारी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांना एक दर (इन-स्टेट) आणि बाकीच्यांना दुसरा, तोही दुपटीच्या वर. आपली मुलं अर्थातच 'बाकीच्यांत'. नेमकी ही नस पकडून आम्हाला पावणेसात लाखांना गंडवलं गेलं.

नवीन विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक 'सीनियर' होता. अस्सल मराठी, दर वाक्याला 'काका'. "काका, हजार डॉलरची स्कॉलरशिप असली की टेक्सासात इन-स्टेट फी लागते. ती मी लावून देतो." आम्ही शोधलं, तर नियम चक्क खरा निघाला! त्यामुळेच विश्वास बसला.

पण तो पूर्ण नियम सांगत नव्हता. ही स्कॉलरशिप स्पर्धेतून मिळावी लागते, टेक्सासच्या मुलांसकट सगळे त्या स्पर्धेत असतात आणि ती विद्यापीठाची अधिकृत समिती देते. बाहेरचा कुणी ती 'लावून' देऊ शकत नाही. दुसरी खरी वाट म्हणजे टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम. विषयाशी संबंधित आणि किमान हाफ-टाइम असेल, तर तिथे रहिवाशाचा दर लागतो. या दोन्ही वाटांना एजंट लागत नाही.

काही जण भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स आणि वर्षभराचे बँक स्टेटमेंट जमवून 'रेसिडेन्सी' काढून देतो म्हणतात. ती कागदपत्रं ग्रीन कार्डवाल्यांच्या किंवा एच-4 वरच्या (तिथे एच-1बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांच्या कामाची, कारण त्यांना तिथे कायमचं बिऱ्हाड केल्याचं दाखवता येतं. आपल्या मुलांचा एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, शिकून परत जायच्या बोलीवर मिळतो. त्या व्हिसावर वर्ष काढा नाहीतर चार, तेवढ्यावर रहिवासी होता येत नाही. खोटं प्रतिज्ञापत्र दिलंत तर फरकाची फी वसूल होईल आणि शिस्तभंगाची कारवाई वेगळी.

आमच्याकडे 'मंजुरीचं पत्र' आलं. वर विद्यापीठाचा लोगो, खाली सही. ज्या ईमेलवरून आलं तो विद्यापीठाचा डॉट ईडीयू नव्हता, डॉट कॉम होता. मग पुढचा गळ: "काका, वायर चार्ज, बँकेचा डॉलरचा भाव, कशाला हवंय? तुम्ही इथेच रुपयांत भरा, तिकडे डॉलर मी भरतो." खातं कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं, तरी आम्ही त्यात पैसे भरले. लेकीनं फीच्या पोर्टलवर त्याला 'ऑथराइज्ड पेअर' (तिच्या वतीनं फी भरायची परवानगी असलेला) म्हणून जोडलं. दोन दिवसांत पोर्टलवर बॅलन्स शून्य! हिनं तर देवापुढे पेढे ठेवले.

ती फी भरली होती चोरलेल्या क्रेडिट कार्डावरून. खऱ्या कार्डधारकानं बँकेत तक्रार केली, बँकेनं पैसे परत ओढले आणि सत्र चांगलं मार्गी लागल्यावर सगळी रक्कम पुन्हा लेकीच्या नावावर चढली. तीही बाहेरच्या दरानं, कारण इन-स्टेट दर तिला लागलाच नव्हता. शून्य दिसलं ते त्यानं पूर्ण फी परक्या कार्डावर मारली म्हणून. वर थकबाकीमुळे तिच्या विद्यापीठातल्या खात्यावर होल्ड, म्हणजे अडवणूक. पैसे न भरल्यामुळे विषय रद्द झाले असते तर एफ-1 ला लागणारा पूर्णवेळ अभ्यासक्रम मोडला असता आणि गोष्ट थेट व्हिसावर गेली असती. बर्सर ऑफिसातल्या (विद्यापीठाचं फी विभागाचं कार्यालय) बाईंनी हप्ते बांधून दिले म्हणून निभावलं. हप्त्यांसाठी माझी एफडी मोडली.

इकडे 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार केली. तोवर ते खातं रिकामं झालेलं. पोलिस म्हणाले, भाड्यानं घेतलेलं खातं दिसतंय. ज्याचं खातं तो माणूस बहुधा स्वतःच गरीब.

तेव्हा आय-20 आलेल्या मुलांच्या आई-बापांनो, एवढं करा. दर कमी झालाय असं कुणी सांगितलं, तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा नंबर घेऊन बर्सर ऑफिसला मुलालाच फोन करायला लावा. आई-वडिलांना ते गोपनीयतेच्या नियमामुळे काही सांगत नाहीत. दोनच प्रश्न: माझा रेसिडेन्सी कोड (रहिवासी की बाहेरचा, ही नोंद) काय आहे आणि पैसे कुणाच्या कार्डावरून आलेत? पैसे गेलेच असतील तर 1930 ला त्याच तासात फोन लावा, एजंटाशी भांडत बसू नका. आणि चॅट डिलीट करू नका. आमच्या लेकीनं रागानं केलं, आता तक्रारीला जोडायला बँकेची पावती आणि ते खोटं पत्र एवढंच आहे.