आयर्लंडच्या संसदेची जुनी भाषणं मोबाईलवर, येळ्ळूरच्या शेतात बसून

भात कापणी उरकली की बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरला संध्याकाळी जरा मोकळीक असते, त्यात महिनाभर मी आयर्लंडच्या संसदेची वेबसाईट वाचतोय. पाचपैकी पाच स्टार. 1919 पासूनची भाषणं फुकट, लॉगिन नाही काही नाही, सदस्याचं पान उघडलं की तो कधी काय बोलला ते तारखेसकट समोर.

मी शोधला मायकल डॉनेलन. आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्याचा शेतकरी गडी, 1925 ला गॉलवेकडून गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकलेला. 1939 ला त्यानं छोट्या शेतकऱ्यांचा पक्ष उभा केला, नाव क्लान ना तालून, म्हणजे मातीची लेकरं. 1943 ला निवडून आला ते मरेपर्यंत पडलाच नाही. 1948 च्या आघाडी सरकारात त्याच्या पक्षाचे जोसेफ ब्लोविक, मेयो परगण्याचे शेतकरीच ते, जमीन खात्याचे मंत्री झाले आन डॉनेलन अर्थमंत्र्यांचा संसदीय सचिव, म्हणजे सरकारी बांधकामं आणि नद्यांचा निचरा त्याच्याकडं.

हे वाचताना मी सरळ उठून बसलो की. आमच्याकडं दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात घुसतंय, लावलेलं भात कुजतंय, आणि तिथं एकेक सदस्य उठून विचारतोय आमच्या भागातली नदी कधी खोल करणार आणि सचिवाला उत्तर द्यायला लागतंय, ते उत्तर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी मी इथं बांधावर वाचतोय!

आणखी एक फार आवडलं. मतदान झालं की कोण बाजूनं कोण विरोधात ते नावानिशी छापलंय, आणि त्यावर शब्द आयरिश, तॉ आणि नील, म्हणजे हो आणि नाही. कोणी आयरिशमध्ये बोललं तर ते आयरिशमध्येच छापतात. मराठीत सरकारी कागद मिळावा म्हणून अर्ज करून करून आमची एक पिढी म्हातारी झाली, त्यामुळं ते दोन छोटे शब्द बघून गळा दाटून आला.

नेट स्लो असलं तरी चालतंय, सगळा मजकूरच आहे, इंग्रजी मात्र यायला पाहिजे, मी मुलीला शेजारी घेऊन बसतो.

27 सप्टेंबर 1964 ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर त्याच ऑल-आयर्लंड स्पर्धेची फायनल होती, गॉलवेचा कॅप्टन डॉनेलनचा पोरगा जॉन, गॉलवे जिंकली, आणि बाप त्याच मॅचला प्रेक्षकांत बसल्या जागी गेला. डिसेंबरात पोटनिवडणूक झाली, जॉन निवडून आला. त्याचंही पान आहे, आजपासून ते वाचणार.