चिंच-रांगोळीने घासलेला रुपया आणि ६४ चा आकडा

सांगलीला विश्रामबागेतील एका सभागृहात गेल्या वर्षी जुन्या नाण्यांचे विक्री-प्रदर्शन भरले होते. आजीच्या देव्हाऱ्यातील चार रुपये मी तेथे केवळ दाखवण्यासाठी नेले आणि पुढच्या तीन महिन्यांत त्यांच्या ग्रेडिंगपायी, म्हणजे नाण्याची स्थिती तपासून तिला आकडा देण्यापायी, २५,००० रुपये घालवून बसलो. मी निवृत्त शिक्षक आहे, हिशोबाला कच्चा नाही. तरीही फसलो, म्हणून सर्व तपशीलवार लिहीत आहे.

चारपैकी एक रुपया पंचम जॉर्जचा, १९११ सालचा होता. राजाच्या झग्यावरील हत्ती या वर्षीच्या नाण्यावर डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्यामुळे ती नाणी मागे घेण्यात आली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख चलनात आली होती, उरलेली वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारण्यात आली. हा इतिहास खरा आहे आणि तेथे टेबल मांडून बसलेल्या गृहस्थांनी तो मला बिनचूक सांगितला, त्यामुळे पुढचेही खरे वाटले. "सर, हे नाणं असं डबीत ठेवणं म्हणजे पाप आहे. अमेरिकेतून ग्रेडिंग करून आणलं, ६४ मिळाले, तर लाखाच्या खाली बोलूच नका," असे ते म्हणाले. प्रत्येक नाण्याला ५,५०० रुपये फी सांगितली आणि चारही नाणी एकदम पाठवणे सोयीचे म्हणून २२,००० रुपये फोनवरून घेतले. महिनाभराने कस्टमच्या नावाखाली आणखी ३,००० गेले.

खरे तर निर्णय तेथेच व्हायला हवा होता, आणि तो नकाराचाच व्हायला हवा होता. आमच्या घरी दर लक्ष्मीपूजनाला हे रुपये चिंचेच्या पाण्याने भिजवून रांगोळीने घासत असत. टांकसाळीतून आलेल्या नाण्याची झळाळी दिव्याखाली नाणे फिरवताना चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेले नाणे मात्र सर्वत्र सारखेच चमकते आणि दिवा तिरपा धरून भिंगातून पाहिले तर एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. ग्रेडिंग १ ते ७० या श्रेणीत होते व ६० च्या पुढचे आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी असतात. पीसीजीएस (स्थापना १९८६) आणि एनजीसी (१९८७) या मान्यवर अमेरिकी संस्था घासलेल्या नाण्याला असा स्वच्छ आकडा देत नाहीत, 'डिटेल्स', म्हणजे नाण्यात दोष आहे, असा शेरा मारतात, आणि तो शेरा पडलेल्या नाण्यासाठी भरलेली फी सहसा वसूल होत नाही. उरलेल्या तिघांची गोष्ट तर याहून साधी होती. १९१७ चा रुपया मुबलक मिळतो. १९४५ च्या ११.६६ ग्रॅम वजनाच्या रुपयात चांदी निम्मी, म्हणजे ५.८३ ग्रॅम; आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. आहे त्या स्थितीत ज्या नाण्याला बाजारात फीइतकेही पैसे येत नाहीत, ते ग्रेडिंगला पाठवण्याचे कारणच काय, हा प्रश्न मी विचारला नाही, आणि फी घेणाऱ्याने तो काढण्याचे कारण नव्हते.

दोन महिन्यांनी चार सीलबंद प्लास्टिकच्या पेट्या, ज्यांना संग्राहक स्लॅब म्हणतात, घरी आल्या. १९११ च्या रुपयावर ६४ हा आकडा होता. आनंद अर्धा तास टिकला असेल. कडेवरील एका जुन्या खाचेवरून ते नाणे माझेच आहे हे मी ओळखले, मग रांगोळीच्या रेघा ६४ मध्ये कशा बसल्या, हे काही केल्या उमगेना. मिरजेच्या एका जुन्या संग्राहकांनी लेबलवरील क्रमांक, लेबलवर जिचे नाव होते त्या परदेशी संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर, पत्ता स्वतः टाइप करून, शोधला. तो एका अमेरिकन डॉलरचा निघाला. लेबलवरील क्यूआर कोड मात्र दिसायला तशाच एका वेगळ्या पानावर नेत होता आणि तेथे माझा रुपया ६४ सह झळकत होता.

फोन केल्यावर त्या गृहस्थांनी आवाज चढवला नाही. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरते, ते परवानगीवाचून देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा आहे, आणि पाठवण्यासाठी सही तुम्हीच केली आहे, एवढेच त्यांनी शांतपणे सुचवले. कायदा त्यांनी खरा सांगितला होता, आणि तो फी घेण्यापूर्वी सांगायला हवा होता. मी आठवडाभर गप्प बसलो. मिरजेच्या त्या स्नेह्यांनीच अखेर लक्षात आणून दिले की लेबलच बनावट आहे, तेव्हा नाणी अमेरिकेला तर सोडाच, जिल्ह्याबाहेर तरी गेली असतील का?

त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या फोन क्रमांकावर आणि नंतर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली. पैसे देऊन बराच काळ लोटल्यामुळे ते अडवता आले नाहीत. चारही पेट्या पुरावा म्हणून जमा कराव्या लागल्या, त्यामुळे यंदा लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजीचा रुपया नव्हता.