गोड स्ट्रॉबेरी की आंबट? आधी डेझर्ट ठरवा

स्ट्रॉबेरी नुसती खायची असेल, तर एक चाखून पाहावी आणि गोड लागली की घ्यावी. डेझर्टला हा हिशेब चालत नाही. साखर आपण घालणारच असतो. आंबटपणा, वास आणि घट्टपणा मात्र फळातूनच यावा लागतो.

स्वीट चार्ली आणि कॅमारोसा या स्ट्रॉबेरीच्या दोन जाती शेजारी ठेवल्या की हे लगेच कळतं. फ्लोरिडा विद्यापीठाने १९९२ मध्ये आणलेल्या स्वीट चार्लीत आम्ल कमी, म्हणून ती जिभेला आणखी गोड वाटते. तिचा गर मऊ आणि रंग नारिंगीकडे झुकणारा. क्रीमसोबत ताजी वाढायला ती सुरेख. पण तिचाच जॅम केला तर तो नुसता गोडमिट्ट होतो. कॅमारोसा मोठी आणि टणक, आतपर्यंत गडद लाल, चवीला ठसठशीत आंबट. खाताना कोणी नाक मुरडेल, पण साखरेत आटली की तीच खुलते, आणि रंगही टिकतो. सॉस, जॅम, टार्टचं सारण यांसाठी मी डोळे मिटून कॅमारोसा घेते.

एकच जात घ्यायची असेल तर चँडलर. कॅलिफोर्निया विद्यापीठाची ही १९८३ ची जात चवीला समतोल आहे, ताजीही चालते आणि शिजवायलाही. अल्बियन लांबट, शंकूसारखी आणि घट्ट. चिरली तरी काप नीट राहतात, म्हणून केकच्या थरांत आणि टार्टवर रचायला चांगली.

मारा दे ब्वा ही फ्रेंच जात मिळाली तर तिला विस्तवाजवळ नेऊ नका, एवढं माझं ऐका. फळ लहान आणि नाजूक, पण वास थेट रानटी स्ट्रॉबेरीचा. हा वास उष्णतेने उडून जातो. साखर भुरभुरून अर्धा तास ठेवा, सुटलेल्या रसासकट वाढा. ती टिकत नाही, त्यामुळे आणली त्याच दिवशी संपवायची.

सगळ्यात जास्त फसतं ते आइस्क्रीम. स्ट्रॉबेरीत जवळजवळ ९१ टक्के पाणी असतं, म्हणून कच्चे तुकडे घातले की ते गोठून दाताखाली बर्फाच्या खड्यांसारखे लागतात. इथे जात कोणती हा प्रश्न नंतरचा. ५०० ग्रॅम फोडींना १०० ग्रॅम साखर लावून तासभर ठेवा, मग मंद आचेवर साधारण निम्म्यावर आटवा आणि पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. कॅमारोसा असेल तर रंगही छान उतरतो. स्वीट चार्लीच हाताशी असेल तर शेवटी चमचाभर लिंबूरस घाला. जॅमलाही तो हवाच, कारण स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, कमी असतं आणि आम्लाशिवाय ते नीट धरत नाही. थर्मामीटर असेल तर १०४ ते १०५ अंश सेल्सियसला उतरवा.

चीजकेकमध्ये दोन जाती वापरून पाहा: वर ओतायला कॅमारोसाचा सॉस आणि त्यावर अल्बियनचे ताजे काप.

जात कुठलीही असो, देठाजवळ पांढरी राहिलेली फळं घेऊ नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होत जाईल, पण गोडी वाढत नाही. आणि धुवायची ती देठासकटच. देठ आधी काढला तर फळ पाणी पितं आणि सगळी मेहनत पातळ होते.