हुमणासोबत सुलाची शेनिन ब्लां

नाशिकच्या द्राक्षांची ही पांढरी वाईन. सुला या नाशिकच्या वाईन कंपनीच्या पहिल्या वाईन २००० साली बाजारात आल्या, त्यातलीच ही एक. किंचित गोडवा असल्याने तिखट-आंबट हुमणाशी, म्हणजे गोव्याच्या माशाच्या कालवणाशी, तिचं छान जमतं. मिरचीची धग उतरते. बांगड्यासोबत शिराझ ही लाल वाईन मात्र उघडू नका. तेलकट मासळी आणि लाल वाईन एकत्र आली की तोंडात लोखंडी चव रेंगाळते.

बाटली दोन-अडीच तास फ्रिजमध्ये ठेवा, ८ ते १० अंश पुरे. बर्फ घातला की पाणचट होते.

खरी मेख दुकानात आहे. गोव्याच्या उन्हात शोकेसमध्ये उभी ठेवलेली बाटली शिजते: रंग गडद होतो, चव काळ्या पडलेल्या सफरचंदाच्या फोडीसारखी लागते. आतल्या सावलीतली, अलीकडच्या वर्षाचीच मागा. उघडल्यावर तीन दिवसांत संपवा.