ह्यूस्टनला गेलात तर स्कायलॅबचं घर बघाच

लेकीकडे ह्यूस्टनला आले आणि जावई म्हणाले, "आई, स्पेस सेंटरला जायचंच." मी डोंबिवलीत बावीस वर्षं स्वयंपाकघरांची कामं करते, त्यातही वन रूम किचनचीच जास्त. म्हणून रॉकेटांआधी मी तिथल्या स्टारशिप गॅलरीतला स्कायलॅबचा, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळस्थानकाचा, ट्रेनर गाठला. अंतराळवीरांनी जमिनीवर सराव केला तो हाच, पूर्ण आकाराचा.

१९७९च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून आजीने आम्हाला अंगणात जाऊ दिलं नव्हतं. पडली ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. पण तिच्यात तीन माणसं ८४ दिवस राहून आली होती, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सॅटर्न रॉकेटच्या हायड्रोजनच्या टाकीत हा संसार मांडलाय. रुंदी २२ फूट. जमीन म्हणजे त्रिकोणी भोकांची जाळी. बुटाच्या तळाला तसाच त्रिकोण, तो भोकात घालून पाय वळवला की माणूस जागेवर पक्का. झोपायला तीन खोपटी, आत भिंतीवर उभी टांगलेली झोपायची पिशवी. हरवलेली वस्तू हवेच्या झोताबरोबर जाऊन पंख्याच्या जाळीला चिकटायची, म्हणून ती शोधायची तिथेच. हे वाचून मी तिथेच थांबले. घराला वापरता वापरता लागलेली सवय आहे ही.

जेवायच्या टेबलाला तीन बाजू, तिघांना सारख्या. मानाची जागा कुणालाच नाही. खिडकी मात्र इंजिनिअरांना नको होती. रेमंड लोवी या डिझायनरने हट्ट धरला, म्हणून १८ इंचांची एक झाली, आणि फावल्या वेळात सगळे तिथेच जमायचे. गिऱ्हाईक कपाटासाठी खिडकी बुजवायला सांगतं तेव्हा मी किती भांडते, ते माझ्या मिस्त्रीला विचारा.

चुका पण आहेत. अंघोळीला कापडी नळकांडं. पाणी अंगाला चिकटून बसायचं, ते शोषून घ्यावं लागायचं, एका अंघोळीला अडीच तास. आणि टेबलांची उंची पृथ्वीवरच्या हिशेबाने धरलेली. वजन नसलं की गुडघे, कंबर आपोआप वाकतात, हात समोर तरंगतात. त्या उंचीला काम करायचं तर पोट आवळून वाकावं लागे. शरीराची ती ठेवण स्कायलॅबवर मोजली गेली आणि पुढच्या यानांच्या आखणीत तीच धरली. ओटा घालण्याआधी मी बाईला भिंतीशी उभी करून कोपराची उंची मोजते. इथे तेच काम बघून डोळे भरून आले.

लहान जागेत राहणाऱ्या, त्या जागा घडवणाऱ्या प्रत्येकाने जावं. रॉकेटं बघून दमायच्या आधी, सकाळीच. मी पाऊण तास तिथून हलले नाही. टेबल वहीत काढून घेतलंय.